८ हजार किलोमीटरची की ४५ हजारांची?

समजा दोन जुन्या बाइक समोर आहेत, दोन्ही १० वर्षांच्या. एक फक्त ८ हजार किलोमीटर चाललेली, दुसरी ४५ हजार. बहुतेकांचा हात पहिलीकडे जातो. माझा जात नाही.

उभी राहिलेली गाडी आतून खराब होते. टाकीत गंज धरतो, जुन्या पेट्रोलचा चिकट थर कार्ब्युरेटरचे जेट (पेट्रोल सोडणारी बारीक छिद्रं) बुजवतो, फोर्कचे (पुढच्या शॉकअपचे) ऑइल सील कडक होतात. टायरची नक्षी नवी दिसेल, पण बाजूच्या भिंतीवरचे चार आकडे वाचा: ‘२३१६’ म्हणजे २०१६ चा तेविसावा आठवडा. रबराला बारीक भेगा असतील तर टायर बदलायचा खर्च आलाच.

शिवाय तो ८ हजारांचा आकडा खरा कशावरून? मीटर मागे फिरवता येतो, पण फुटरेस्टचं झिजलेलं रबर, गुळगुळीत झालेल्या ग्रिप आणि ब्रेक-डिस्कच्या कडेला बोटाला लागणारा उंचवटा खोटं बोलत नाहीत.

४५ हजारवालीची झीज निदान उघड दिसते. स्प्रॉकेटचे, म्हणजे चेन फिरते त्या चक्राचे, दात हुकासारखे वाकलेत का, एवढं बघा. चेन-स्प्रॉकेट बदलता येतं. सर्व्हिसच्या पावत्या क्रमाने असतील तर मी हीच घेईन.

मात्र दोन्ही गाड्या थंड इंजिनवरच सुरू करून पाहा. तुम्ही पोहोचण्याआधीच कुणी इंजिन तापवून ठेवलं असेल, तर गार होईपर्यंत थांबा. निळसर धूर येत राहिला तर इंजिन ऑइल जाळतंय. मग आकडा कितीही असो, सोडून द्या.