पिकअपचा स्टील बंपर : नऊ महिन्यांनंतर

अमेरिकेतल्या मिनेसोटात ऑक्टोबर-नोव्हेंबरला हरणं रस्त्यावर येतात, म्हणून फोर्डच्या एफ-२५० पिकअपला पुढे जाड स्टीलचा बंपर बसवला. नऊ महिने झाले.

विकणारे पत्र्याच्या जाडीवर भर देतात. याचा दर्शनी पत्रा ३/१६ इंची, म्हणजे पावणेपाच मिलिमीटर. तेवढा पुरतो. पण खरी ताकद मागच्या ब्रॅकेटमध्ये असते, कारण धक्का शेवटी चासीच्या दोन टोकांवरच जातो. ब्रॅकेट पातळ असेल, त्याला तिरका गसेट (कोपऱ्याला आधार देणारा त्रिकोणी पत्रा) नसेल, तर पत्रा शाबूत राहतो आणि अख्खा बंपर मागे वळून फेंडरला भिडतो. शॅकलचा कान, म्हणजे गाडी ओढायची कडी अडकवायचा भोकाचा तुकडा, तोही खाली वाकून तपासा. तो पत्र्यातून आरपार जाऊन ब्रॅकेटला वेल्ड केलेला हवा. नुसता दर्शनी पत्र्यावर चिकटवलेला असेल, तर चिखलातून गाडी ओढताना पत्राच फुगून बाहेर येतो.

मोठी तक्रार गंजाची. आतून तुटक वेल्ड आहे, दोन इंच वेल्ड आणि चार इंच फट. हिवाळ्यात रस्त्यावर टाकलेल्या मिठाचं पाणी त्या फटीत साचतं. मार्चमध्ये गाडी धुतली, तर कानाच्या मुळापासून खाली तपकिरी ओघळ आलेला. पावडर कोट, म्हणजे भुकटी फवारून भट्टीत भाजलेला रंग, विद्युतभाराने पत्र्याला धरतो आणि आतल्या कोनात नीट पोचत नाही, त्यामुळे नेमका तिथेच थर पातळ राहतो. उपाय सोपा आहे : वायर ब्रश, झिंक प्रायमर, फटीत सीम सीलर (सांधे बुजवणारी लुगदी), वर रंग. हे बसवण्याआधीच करा. नंतर नव्वद किलोचं धूड जॅक लावून दोघांनी उतरवावं लागतं.

बोल्ट ढिले होतात, तेही पावडर कोटमुळेच. वॉशरखाली तो हळूहळू दबतो, ताण जातो, आणि ब्रॅकेटची भोकं लांबट असल्याने एक बाजू खाली सरकते. इथे डावीकडे पाव इंच उतरली होती. वॉशरखालचा रंग खरवडून घ्या, उघड्या धातूला प्रायमरचा पातळ हात द्या, पाना टॉर्कचाच (ठरलेल्या जोराने आवळणारा) वापरा आणि ८०० किलोमीटरनंतर पुन्हा आवळा. बोल्टच्या डोक्यापासून ब्रॅकेटपर्यंत रंगाची एक रेघ ओढली की हललेला बोल्ट लगेच दिसतो.

वजनाने नाक थोडं खाली बसतं. गाडी २५ फुटांवर भिंतीसमोर उभी करून हेडलाइट पुन्हा जुळवा. अ‍ॅडॅप्टिव्ह क्रूझ (रडारने पुढच्या गाडीपासून अंतर राखणारी सोय) असेल तर रडारसमोर लोखंड येत नाही असंच मॉडेल घ्या, आणि एअरबॅगचा सेन्सर मूळ जागेवरून हलवू नका.