दंडावरचा शुगर सेन्सर लावून एकादशी आणि संकष्टी केली, माझा अनुभव

मला टाइप टू डायबिटीस आहे, ११ वर्षं झाली, सकाळी मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइडची एकत्र गोळी असते. उपास लहानपणापासूनचे, ते सोडायचे नाहीत, म्हणून यंदा आषाढीच्या दोन दिवस आधी शुगर सतत मोजून मोबाइलवर दाखवणारा, १४ दिवस चालणारा सेन्सर दंडाला लावून घेतला, म्हणजे एकादशी आणि संकष्टी दोन्ही त्यात बसतात. ५ हजाराच्या आसपास गेले. लावताना मुंगी चावल्यासारखं वाटलं, बास.

एकादशीला सकाळी शुगर १२८ होती. साडेदहाला साबुदाण्याची खिचडी खाल्ली, नेहमीची एक डिश, वर दही, आणि मोबाइलवरची रेघ चढायला लागली ती दीड तासात २६२! साधी पोळी-भाजी खाल्ली तरी माझी एवढी जात नाही. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च, वाळलेल्या १०० ग्रॅममध्ये ८५ ग्रॅमच्या वर कार्ब्ज, शिवाय आपण त्यात बटाटा घालतो. एवढी वर्षं उपासाच्या दुसऱ्या दिवशी अंग जड का वाटतं ते मला कळत नव्हतं, मी म्हणायचे उपासाचा थकवा असेल. एकादशी दुप्पट खाशी म्हणतात ते शुगरला अगदी लागू पडतं. रात्री वाटीभरच भगर घेतली, सोबत भरपूर दाण्याची आमटी आणि काकडीची कोशिंबीर, तर १८० च्या पुढे गेली नाही. भगरीतही कार्ब्ज आहेतच, पण कमी खाल्ली आणि दाण्यातल्या प्रोटीन-फॅटमुळे शुगर हळूहळू चढली.

संकष्टीला मी चंद्रोदयापर्यंत काही खात नाही, फक्त बिनसाखरेचा चहा. सकाळी सहाला ११८ होती आणि पोटात काहीच नसताना आठपर्यंत १४१ झाली, मी घाबरलेच. नंतर डॉक्टरांनी सांगितलं की पहाटे शरीरातले हार्मोन वाढतात आणि लिव्हर साठवलेली साखर रक्तात सोडतं, डायबिटीस असला की ती आवरायला इन्शुलिन कमी पडतं, म्हणून उपाशीपोटीसुद्धा वाढते.

पण त्या दिवशी सकाळची गोळी मी सवयीने घेतली होती आणि तीच चूक झाली. ग्लिमेपिराइड स्वादुपिंडाला इन्शुलिन सोडायला लावते, मग तुम्ही जेवलेले असा की नसा. संध्याकाळी साडेसातला हाताला घाम, जीभ कोरडी, आणि मोबाइल वाजायला लागला, ७४ आणि बाण खाली, म्हणजे शुगर उतरतच होती. बोटाला टोचून बघितलं तर ६६. पूजेची तयारी करत होते, चंद्र पावणेदहाला. सासूबाईंनी स्वतः पाण्यात तीन चमचे साखर ढवळून आणली, म्हणाल्या, "अगं पी आधी, बाप्पा रागवत नाही." पंधरा मिनिटांनी ९२. तो अलार्म वाजला नसता तर मी ताटासमोर तशीच बसून राहिले असते. आता डॉक्टरांनी उपासाच्या दिवशी ती गोळी रात्रीच्या जेवणाबरोबर घ्यायला सांगितलीय. हे माझं आहे हं, तुमचं तुमच्या डॉक्टरांना विचारा आणि उपासाच्या आधी विचारा.

सेन्सरच्या त्रुटीही सांगते. तो रक्तातली नाही, कातडीखालच्या पाण्यातली साखर मोजतो, त्यामुळे शुगर झपझप बदलत असली की पाच-दहा मिनिटं मागे असतो, ७४ आणि ६६ चा फरक बहुतेक त्यामुळेच. डाव्या कुशीवर झोपले तर रात्री तीनला ५८ दाखवून अख्खं घर उठवलं, बोटावर १०९ होती, दंड दाबला गेला की असं होतं. म्हणून ग्लुकोमीटर टाकून देऊ नका. दहाव्या दिवशी आंघोळीत चिकटपट्टीची कड सुटली, केमिस्टकडची टेप लावून भागवलं. आणि किटोन, म्हणजे शरीर चरबी जाळतं तेव्हा रक्तात तयार होणारी आम्लं, त्यात दिसत नाहीत. माझ्या जाऊबाईंना डायबिटीसची डापाग्लिफ्लोझिन नावाची गोळी आहे, त्यांना डॉक्टरांनी निर्जळी उपास बंद करायला लावलाय, कारण त्या गोळीवर शुगर बरी दिसत असतानाही उपाशीपोटी किटोन धोकादायक वाढू शकतात.

पाचपैकी चार स्टार, एक कापला तो किमतीसाठी, दर महिन्याला दोन लावणं आमच्यासारख्यांना परवडत नाही. पुढचा घटस्थापनेच्या आदल्या दिवशी लावणार आहे, नऊ दिवस राजगिरा आणि भगर आलटून पालटून करून बघायचंय, साबुदाणा या वेळी आणलेलाच नाही.