गिम्पमधलं कर्व्ह्ज: आठ महिने चादरी, टॉवेल आणि गड्डा यात्रेचे फोटो केल्यावर

गिम्प या फोटो सुधारण्याच्या मोफत सॉफ्टवेअरमधलं कर्व्ह्ज म्हणजे उजेड-अंधार बदलणारी रेषा: आडव्या अक्षावर मूळ उजेडाची पायरी (इनपुट), उभ्यावर नवी (आउटपुट), ० म्हणजे काळं आणि २५५ म्हणजे पांढरं. रेषा किती वर गेली यापेक्षा ती कुठे उभी झाली आणि कुठे झोपली, हे पाहायची सवय लागली की कर्व्ह्ज हाताला बसतं. आठ महिन्यांच्या वापराचा निष्कर्ष हाच. रेषा ४५ अंशांत असेल तिथे कॉन्ट्रास्ट जसाच्या तसा राहतो. उभी झाली की त्या टप्प्यातला कॉन्ट्रास्ट वाढतो, झोपली की तिथला पोत पुसला जातो. दोन्ही टोकं ० आणि २५५ लाच ठेवली, तर एका ठिकाणी घेतलेला चढ दुसरीकडून वजा होतोच. फुकट काही मिळत नाही.

सोलापुरात हे सगळ्यात लवकर शिकवतो तो पांढरा टर्किश टॉवेल. ग्राहकाला त्याचे लूप (धाग्याचे बारीक फास) दिसले पाहिजेत, आणि हिस्टोग्रामवर (कुठल्या उजेडाचे किती ठिपके आहेत ते दाखवणाऱ्या आलेखावर) तर अख्खा टॉवेल साधारण २०० ते २४० च्या मध्ये दाटीने बसलेला असतो. बहुतेक जण रेषेचा मध्य धरून १२८ चा १५० करतात. टॉवेल उजळतो खरा, पण वरच्या टोकाला रेषा झोपते, लूप मिटतात आणि कापडाचा पुठ्ठा होतो. त्याऐवजी इनपुट २०० चा बिंदू आउटपुट १८५ वर खाली ओढा आणि २४० चा २४३ वर ठेवा. ४० पायऱ्यांचा टॉवेल आता ५८ पायऱ्यांवर पसरला. प्रत्येक लूपच्या बुडाशी बारीक सावली दिसू लागते. मागचा राखाडी पडदा थोडा गडद होतो, तो होऊ द्यावा. पडदा जागच्या जागी हवाच असेल तर १२८ वर १२८ चाच बिंदू ठोका, पण मग १२८ ते २०० मधली रेषा झोपते आणि टॉवेलच्या घडीतली सावली सपाट होते. कुठला तोटा परवडतो ते माल बघून ठरवायचं.

बिंदू कुठे टाकायचा याचा अंदाज बांधत बसू नका. कर्व्ह्जची खिडकी उघडी ठेवून फोटोवर शिफ्ट धरून क्लिक केलं की त्या जागेचा बिंदू रेषेवर आपोआप येतो. पुढे आकडे टाइप करा किंवा बाणांच्या कळांनी सरकवा. माउसने ओढताना हात हलतोच. नको असलेला बिंदू शेजारच्या बिंदूवर नेऊन सोडला की जातो.

सोलापुरी चादरीची गोष्ट वेगळी, तिथे भानगड रंगाची. व्हॅल्यू चॅनलची रेषा लाल, हिरवा, निळा या तिघांना सारखीच लागू होते. समजा मरून रंगात लाल १५०, हिरवा ३२, निळा ४८ आहे. कॉन्ट्रास्टसाठी नेहमीचा एस आकार दिला, ६४ चा ४८ आणि १९२ चा २०८, तर लाल थोडा चढतो, पण हिरवा आणि निळा दहा-बारा पायऱ्यांनी उतरतात. मरून भडक होतो, आणि फोटो पाहून मागवलेली चादर हातात आल्यावर ग्राहक म्हणतो, रंग वेगळाच आहे. याला उपाय खिडकीतच आहे: खालचे ब्लेंडिंग ऑप्शन्स उघडा आणि मोड एलसीएच लाइटनेस करा. रेषा फक्त उजेड-अंधारावर चालते, रंगाची छटा शाबूत राहते. मालाच्या फोटोंसाठी हा मोड कायम ठेवावा, असं ठाम मत झालं आहे. निसर्गचित्रांत मात्र तो वाढीव रंग हवाहवासा वाटतो, तिथे नेहमीचा मोड बरा.

ट्यूबलाइटखाली काढलेल्या पांढऱ्या मालावर हिरवट झाक येते. कलर पिकरला (रंगाचे आकडे वाचणाऱ्या साधनाला) सॅम्पल ॲव्हरेज चालू करून मोठी त्रिज्या द्या, कारण लूपवरचा एकटा पिक्सेल काहीही सांगतो. आकडे २२६, २३३, २१८ आले तर लाल रेषेवर २२६ चा, हिरव्यावर २३३ चा आणि निळ्यावर २१८ चा बिंदू २२८ वर आणा. मग सावलीतली एखादी राखाडी जागा तपासा. तिथे वेगळी झाक असेल तर खालीही बिंदू लागतात.

खिडकीच्या वरच्या बाजूला लिनियर आणि परसेप्च्युअल अशी निवड आहे. परसेप्च्युअलच ठेवा. १८ टक्के उजेड परतवणारी मध्यम राखाडी त्यात ११८ च्या आसपास येते, लिनियरमध्ये ४६ वर, म्हणजे सगळ्या सावल्या डाव्या कोपऱ्यात चेंगरतात. रेषा अचानक अंगावर आल्यासारखी वागू लागली तर आधी हे बटण पाहा.

सोलापूरच्या सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेत नंदीध्वजांच्या मिरवणुकीचे दुपारचे फोटो म्हणजे कर्व्ह्जची मर्यादा. पांढरी बाराबंदी (बंदांचा पारंपरिक अंगरखा) उन्हात तिन्ही चॅनलमध्ये २५५ ला टेकली असेल, हिस्टोग्रामची काठी उजव्या भिंतीला चिकटली असेल, तर २५५ चा २३५ करून फक्त मळकट राखाडी डाग मिळतो. सुरकुत्या परत येत नाहीत, कारण त्या फाइलमध्येच नाहीत. टिपतानाच एक्स्पोजर पाऊण ते एक स्टॉप (एक स्टॉप म्हणजे निम्मा उजेड) खाली ठेवा, आणि नंतर सावलीतले चेहरे उचला: ६० चा ८५, आणि १९० ला १९२ वर खिळा. चेहऱ्यांवर थोडा दाणा (ठिपक्यांचा खरखरीतपणा) येईल, तो छपाईत फारसा जाणवत नाही.

सिद्धेश्वर तलावावरच्या संध्याकाळच्या आकाशात दुसरी अडचण. ८ बिटच्या (प्रत्येक रंगाला २५६ पायऱ्यांच्या) जेपीजीत आकाशाला ४० पायऱ्या असतील आणि तुम्ही रेषा दुप्पट उभी केली, तर त्या ८० वर पसरतात, मधली प्रत्येक दुसरी रिकामी राहते आणि आकाशात पट्टे उमटतात. इमेज मेनूतून प्रिसिजन १६ बिट केल्याने गेलेल्या पायऱ्या येत नाहीत, पण पुढच्या प्रत्येक फेरफारात आणखी गळत नाहीत. खरी सोय रॉ फाइलची (कॅमेऱ्याच्या प्रक्रिया न केलेल्या फाइलची); ती गिम्प थेट उघडत नाही, डार्कटेबल किंवा रॉथेरपी जोडावं लागतं.

तक्रारी आहेत. रेषेमागचा हिस्टोग्राम बदलाआधीचा असतो, बदल पाहायला वेगळा हिस्टोग्राम डॉक उघडा ठेवावा लागतो. दोन बिंदू फार जवळ आले की रेषा मध्येच लाट मारते. तिथे बिंदूचा प्रकार स्मूदऐवजी कॉर्नर करा किंवा एक बिंदू काढा. जुन्या संगणकावर मोठ्या फाइलला प्रीव्ह्यू रेंगाळतो.

२०२५ मध्ये आलेल्या ३.० आवृत्तीने मात्र काम खरंच बदललं. मर्ज फिल्टरची खूण काढून ओके केलं की कर्व्ह लेयरवर वेगळा राहतो, आणि लेयरशेजारच्या एफएक्स खुणेतून नंतर पुन्हा उघडता येतो. २.१० मध्ये यासाठी लेयरची प्रत करून ठेवावी लागायची. बसलेली रेषा प्लसच्या खुणेने प्रीसेट (पुन्हा वापरायची मांडणी) म्हणून ठेवा आणि नावात माल, दिवा आणि पडदा तिन्ही लिहा. ‘टॉवेल पांढरा, खिडकीचा उजेड, राखाडी’ हा प्रीसेट ट्यूबलाइटच्या फोटोवर लावला तर लूप पुन्हा मिटू शकतात, कारण तिथला टॉवेल २०० ते २४० मध्येच असेल असं नाही.