टॉर ब्राउझर: चारचौघांसारखे दिसण्याची सोय

इंटरनेटवरील खासगीपणाची चर्चा बहुतेक वेळा कुकीपाशी, म्हणजे संकेतस्थळ आपल्या ब्राउझरमध्ये ठेवते त्या छोट्या नोंदीपाशी, सुरू होते आणि तिथेच संपते. कुकी पुसता येते. परंतु स्क्रीनचा आकार, संगणकातील फाँट, टाइमझोन, भाषा आणि ग्राफिक्स कार्डाची चित्र काढण्याची पद्धत अशा बारीकसारीक तपशिलांतून तयार होणारा ब्राउझरचा ठसा पुसता येत नाही, कारण तो आपल्याकडे साठवलेलाच नसतो. डिजिटल हक्कांसाठी काम करणाऱ्या इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशन या संस्थेने २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात तपासलेल्या ब्राउझरांपैकी सुमारे ८४ टक्के ब्राउझरांचा ठसा त्या संपूर्ण नमुन्यात एकमेव निघाला होता. म्हणजे नाव न सांगताही तोच वाचक परत आला आहे हे ताडता येते आणि त्याच्या वाचनाची नोंद जुन्या नोंदीला जोडत नेता येते. टॉर ब्राउझर मी प्रामुख्याने या निकषावर पारखला.

फायरफॉक्सच्या पायावर उभा असलेला हा मोफत ब्राउझर आपल्याला लपवण्यापेक्षा इतरांसारखे दिसू देण्यावर भर देतो, आणि माझ्या मते हेच त्याचे सर्वांत मोठे बळ आहे. खिडकी मोठी केली की पानाच्या कडेने करड्या रंगाची मोकळी पट्टी दिसते. पहिल्यांदा पाहणाऱ्याला तो दोष वाटेल. प्रत्यक्षात पानाला दाखवायचा आकार ठरावीक मापांतच राहावा, जेणेकरून आपल्या स्क्रीनचे नेमके माप संकेतस्थळाला कळू नये, यासाठी केलेली ती योजना आहे. जगाच्या कोणत्याही कोपऱ्यातून उघडा, संकेतस्थळाला वेळ यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळच, सांगितली जाते. एका संकेतस्थळाची कुकी दुसऱ्याच्या पानावर उपयोगी पडत नाही आणि ब्राउझर बंद केला की इतिहासही जातो.

हा ब्राउझर आपली विनंती ज्यातून पाठवतो, त्या टॉर जाळ्याची रचनाही तितकीच विचारपूर्वक केलेली आहे. आपली विनंती तीन रिलेंमधून, म्हणजे वाटेतील तीन मध्यस्थ संगणकांमधून, जाते. पहिल्या रिलेला आपला आयपी पत्ता (इंटरनेटवरील आपल्या जोडणीचा क्रमांक) कळतो पण आपण कोणत्या संकेतस्थळाकडे जात आहोत ते कळत नाही, शेवटच्याला ते कळते पण आपण कोण हे कळत नाही. पत्त्याच्या पट्टीतील चिन्हावर क्लिक केले की हे तिन्ही टप्पे कोणकोणत्या देशांत आहेत ते दिसते.

या तंत्राची सुरुवात १९९०च्या दशकात अमेरिकी नौदलाच्या संशोधन प्रयोगशाळेत झाली, आणि २००६ मध्ये स्थापन झालेल्या टॉर प्रोजेक्ट या ना-नफा संस्थेला अमेरिकी सरकारकडूनही मोठा निधी मिळत आला आहे. त्यावरून शंका घेणाऱ्यांना मी चूक म्हणणार नाही. पाळतीचा प्रश्न असताना पैसा कोणाचा हे विचारलेच पाहिजे. मात्र याचा सोर्स कोड, म्हणजे प्रोग्रामचा मूळ मजकूर, सर्वांसाठी खुला आहे आणि रिले जगभरचे स्वयंसेवक चालवतात, त्यामुळे कोणा एकाच्या शब्दावर विसंबावे लागत नाही.

उणिवा खऱ्या आहेत आणि त्या रोज जाणवतात. पाने सावकाश उघडतात. अनेक संकेतस्थळे वारंवार कॅप्चा, म्हणजे आपण माणूसच आहोत हे दाखवणारी कोडी, सोडवायला लावतात, तर काही प्रवेशच नाकारतात. आपण टॉर वापरतो आहोत हे इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीला सहसा कळू शकते. ते टाळण्यासाठी ‘ब्रिज’ची, म्हणजे सार्वजनिक यादीत नसलेल्या रिलेंची, वेगळी सोय आहे. शेवटच्या रिलेपुढील वाटेवर एचटीटीपीएस (संकेतस्थळाशी होणारी देवाणघेवाण सांकेतिक करणारी पद्धत) नसेल तर मजकूर वाचला जाऊ शकतो. आणि नेहमीच्या ईमेल खात्यात लॉगिन केले, तर आपण कोण हे आपणच सांगितलेले असते. तिथे कोणतेही तंत्र उपयोगाचे नाही. जास्तीची एक्स्टेन्शन, म्हणजे ब्राउझरला जोडायची छोटी पूरक साधने, बसवण्याचा मोहही टाळावा, कारण त्यांनी आपला ठसा पुन्हा वेगळा पडू शकतो.

म्हणून बँकेचे व्यवहार, खरेदी किंवा व्हिडिओ यांसाठी मी याची शिफारस करणार नाही. पण एखाद्या आजाराची लक्षणे, कर्जफेडीची अडचण, घटस्फोटाचा कायदा, नोकरीतील छळाविरुद्धची तक्रार असे विषय माणूस शोधतो, तेव्हा तो आपल्या आयुष्यातील सर्वांत नाजूक माहिती शोधचौकटीत लिहीत असतो, आणि ती जाहिरातींच्या बाजारात कायमची नोंदली जावी हे मला मुळीच मान्य नाही. तेवढ्यासाठी हा ब्राउझर संगणकावर जरूर असावा. तो टॉर प्रोजेक्टच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच उतरवून घ्यावा आणि अद्ययावत ठेवावा. अँड्रॉइडवरही तो उपलब्ध आहे.