ऑडिओ बायबल प्लेअर: घरातल्या म्हाताऱ्या माणसासाठी घेताय तर आधी हे वाचा

सरळ सांगते, वस्तू चांगली आहे, चार स्टार. पाचवा का कापला ते पुढे येईलच.

सासूबाईंची नजर पार गेली, मोठ्या टायपाचं बायबलही दिसेना, म्हणून हा प्लेअर घेतला. मुठीत मावेल एवढा, आत अख्खं बायबल, ६६ची ६६ पुस्तकं, इंटरनेट नको काही नको.

आधी आवाजाचं बोलते कारण सगळा खेळ तिथेच आहे. यात दोन प्रकार मिळतात, एकात एकच माणूस शांतपणे वाचतो आणि दुसऱ्यात प्रत्येक पात्राला वेगळा आवाज, मागे म्युझिक, वादळ, घोडे वगैरे. दुकानात ऐकताना दुसरा भारी वाटतो पण म्हाताऱ्यांसाठी तो अजिबात घेऊ नका. वयामुळे कान जातात ते आधी बारीक उंच आवाजांना, म्हणजे स, श, फ, थ असली अक्षरं पुसट होतात, मग कोणीतरी बोलतंय हे कळतं पण काय बोलतंय ते कळत नाही, त्यात मागे म्युझिक वाजत असलं की संपलंच. व्हॉल्यूम वाढवून नुसता गोंगाट वाढतो. आम्ही स्पीड जरा कमी केला आणि प्लेअर उशीशी ठेवला, तेव्हा कुठे जमलं. (बायबलातल्या दुसऱ्या शमुवेलाच्या पुस्तकात बर्जिल्लय नावाचा म्हातारा आहे ना, वय ८०, दावीद राजा त्याला म्हणतो चल माझ्याबरोबर यरुशलेमला, तर तो म्हणतो मला आता खाल्ल्याची चव कळत नाही, गाणाऱ्यांचा आवाज ऐकू येत नाही, मला माझ्या गावीच मरू द्या. आणि राजा त्याचं ऐकतो, ओढून नेत नाही. म्हाताऱ्यांना विचारून करणं इतकं जुनं आहे, आपणच विसरतो.)

आता बटणं. सगळी सारखी, सगळी गुळगुळीत, न दिसणाऱ्या माणसाने करायचं काय? मी प्लेच्या बटणावर नेलपॉलिशचा जाड ठिपका देऊन वाळवला, आता बोटाला बरोबर लागतो. कंपनीला हे सुचू नये म्हणजे कमाल आहे.

स्लीप टाइमर नाही, तो पाचवा स्टार इथे गेला. रात्री झोप लागली तरी हा वाचतच राहतो. एकदा बायबलातलं पहिला इतिहास हे पुस्तक चालू राहिलं, त्याचे पहिले नऊ अध्याय म्हणजे जवळजवळ नावंच नावं, तर सासूबाई जाग्या होऊन विचारतात, "अगं, एवढ्या लोकांना कोण बोलावतंय?"

पण एक गोष्ट मात्र मानली. त्यांना सकाळचं दुपारी आठवत नाही, मला कधीकधी माझ्या नणंदेच्या नावाने हाक मारतात, आणि २३वं स्तोत्र लागलं की वाचणाऱ्याच्या अर्धा शब्द पुढे असतात, मग थांबून तो येईपर्यंत वाट बघतात. ७१वंही परत परत लावायला सांगतात, तेच ते, म्हातारपणी मला टाकू नकोस म्हणून देवाला विनवणारं. त्या वेळी मी खोलीतून बाहेर जात नाही, जाववत नाही.

आणि खरी तक्रार इथेच आहे, प्लेअरची नाही, आपली. हा लावून दिला की आपण सुटलो असं वाटायला लागतं, आणि लांबच्या नातेवाइकांना तर फारच पटकन वाटतं. वस्तू पाठवली, झालं कर्तव्य! मार्कच्या शुभवर्तमानात ७व्या अध्यायात येशू कुर्बानवाल्यांना काय बोलतो बघा, आईवडिलांना द्यायचं ते देवाला वाहिलंय म्हणून हात झटकणाऱ्यांना. देवाचं नाव पुढे करून घरातली जबाबदारी टाळता येत नाही, मग बायबल वाजवणारं यंत्र पुढे करून कशी येईल? त्यावर चर्चमधले लोक मला कौतुकाने "आमची रूथ" म्हणतात, म्हणजे बायबलातली ती विधवा सून, सासूला, नामीला, न सोडणारी. अहो, नामीचे दोन्ही मुलगे वारले होते, आमच्याकडे दोघेही धडधाकट आहेत! पहिल्या तीमथ्यात, म्हणजे तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात, ५व्या अध्यायात पौल विधवेच्या मुलानातवंडांना सांगतो की आधी आपल्या घरच्यांचे उपकार फेडायला शिका. सुनेचं तिथे नावही नाही. हे मी घरात वाचून दाखवलं, आता रविवारी दुपारी मुलगा आजीजवळ बसतो आणि मी झोपते.

घेणाऱ्यांसाठी बाकीचं थोडक्यात. बंद केल्यावर थांबलं तिथूनच पुढे सुरू होतो का ते घेण्याआधी तपासा, आमचा होतो, पण बॅटरी पूर्ण उतरली की थेट उत्पत्ती १, म्हणजे बायबलाच्या अगदी सुरुवातीला. चार्जिंगची पिन नाजूक आहे, त्यांच्या हातात देऊ नका. कोणती आवृत्ती रेकॉर्ड केलीय ते विचारून घ्या, पाठ असलेल्यापेक्षा वेगळी निघाली तर चिडतात. आणि ज्यांना मोबाईल नीट जमतो त्यांच्यासाठी उगाच घेऊ नका, फुकटचं ॲप पुरतं.