ऑक्सिजन सेन्सर बदलल्यानंतरचे काही महिने: पेडण्याच्या पावसासकट अनुभव

गाडी पेट्रोलवरची जुनी हॅचबॅक, मुक्काम मांद्रे, गोव्यातला पेडणे तालुका. गेल्या हिवाळ्यात चेक इंजिनचा पिवळा दिवा लागला तो लागलाच. गाडी ओढायला ठीक होती, पण सकाळी स्टार्ट केली की सायलेन्सरकडून कच्च्या पेट्रोलचा वास यायचा. बाजार, शाळा, देऊळ अशा जवळच्या फेऱ्यांत ॲव्हरेज चांगलेच घसरले होते. पणजीला जाऊन आलो की मात्र फारसा फरक दिसत नसे. दुखण्याची नस इथेच होती.

एका गॅरेजने गाडीच्या संगणकातला बिघाडाचा कोड न वाचताच थ्रॉटल बॉडी (इंजिनात हवा सोडणारी झडप) साफ करून दिली, पैसे घेतले आणि वर कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धुरातले विषारी वायू कमी करणारा भाग) बदलायला सांगितले. याचा मला आजही राग आहे. कन्व्हर्टर हा गाडीतल्या महागड्या पार्टांपैकी एक; तो अंदाजाने बदलायची गोष्ट नव्हे. मग म्हापशातल्या एका ऑटो इलेक्ट्रिशियनकडे गेलो. स्कॅनर लावला, कोड आला पी ०१३५, म्हणजे कन्व्हर्टरच्या आधीच्या ऑक्सिजन सेन्सरचे (धुरातला ऑक्सिजन मोजणाऱ्या सेन्सरचे) हीटर सर्किट. मी लगेच सेन्सरची किंमत विचारली, तर मेस्त्री म्हणाला, "पयलीं फ्यूज पळोवया" (आधी फ्यूज पाहू). त्या एका वाक्याने माझा त्याच्यावर विश्वास बसला, कारण कोड फक्त सर्किटचे नाव सांगतो. फ्यूज, वायर, कनेक्टर की सेन्सर, हे आपणच शोधायचे असते.

या सेन्सरचे झिर्कोनियाचे टोक साधारण ३०० अंश सेल्सिअसच्या पुढे तापल्याशिवाय भरवशाचे रीडिंग देत नाही. ते लवकर तापावे म्हणून आत छोटा हीटर असतो. हीटर गेला की टोक तापवायला फक्त एक्झॉस्टचा गरम धूर उरतो. तोवर ईसीयू, म्हणजे इंजिनचा संगणक, सेन्सरच्या रीडिंगऐवजी ठरलेल्या आकड्यांवर पेट्रोल सोडत राहतो, तेही थोडे सढळ हाताने. जवळच्या फेरीत टोक तापेपर्यंत घर येते, पणजीच्या वाटेवर ते तापून कामाला लागते. स्क्रीनवर हे अगदी स्पष्ट दिसले. थंड इंजिनवर व्होल्टेज ०.४५ च्या आसपास थिजून राहिले, आणि बऱ्याच वेळाने ०.१ ते ०.९ मध्ये भराभर वरखाली होऊ लागले. म्हणजे ऑक्सिजन मोजणारा भाग शाबूत, हीटर मेलेला.

फ्यूज चांगला निघाला. कनेक्टर सोडवून गाडीच्या बाजूने मोजले तर १२ व्होल्ट येत होते. सेन्सरच्या चार वायरींपैकी एकाच रंगाच्या दोन हीटरच्या. त्यांच्यात मल्टिमीटर लावला तर सर्किट तुटलेले. नव्या सेन्सरवर तेच माप काही ओहम दाखवत होते. इतका सरळ पुरावा हातात आल्यावर खर्च करायला जीव कचरला नाही.

सेन्सर मूळ कनेक्टरसकट येणाराच घ्या. वायर कापून जोडायचे 'युनिव्हर्सल' सेन्सर स्वस्त पडतात, पण आमच्या खाऱ्या हवेत तो जोड हिरवा पडायला वेळ लागत नाही. शिवाय बऱ्याच सेन्सरांना तुलनेसाठी लागणारी बाहेरची हवा वायरीतूनच आत जाते. सोल्डर करून ती वाट बुजवली की रीडिंग चुकते.

जुना काढताना इंजिन कोमट ठेवले, चुड्यांवर (आट्यांवर) गंज सोडवायचे तेल मारून थांबलो, आणि वायर बाहेर काढायला खाच असलेला २२ नंबरचा सॉकेट वापरला. साध्या पान्याने कडा गोल होण्याची भीती असते. नव्याच्या चुड्यांना अँटी-सीझ (आटे जाम होऊ न देणारा लेप) आधीच लावलेले होते. वेगळे लावायचे झाले तर फक्त चुड्यांना. टोकाला तेल, ग्रीस, सिलिकॉन यांतले काहीही लागू देऊ नका.

कोड पुसल्यापासून दिवा पुन्हा लागलेला नाही. सकाळचा वास पहिल्याच दिवशी गेला आणि गावातल्या फेऱ्यांचे ॲव्हरेज पूर्वीच्या जागी आले. आख्खा पावसाळा गेला, रस्त्यावर तुंबलेल्या पाण्यातूनही गाडी गेली, पण कनेक्टर उघडून पाहिला तर पिना कोरड्या आणि चकचकीत होत्या. चवथीआधी पीयूसीही विनाकटकट झाली. तक्रार एकच: नव्या वायरीवरची क्लिप मूळ ब्रॅकेटमध्ये बसत नाही. वायर एक्झॉस्टला टेकून वितळू नये म्हणून ती वेगळी बांधून घ्यावी लागली. बसवणाऱ्याला हे आवर्जून पाहायला सांगा.

लाँग टर्म फ्युएल ट्रिम (ईसीयू इंधनाच्या प्रमाणात सतत करत असलेली दुरुस्ती) थोडा अधिकात दिसतो, पण इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलवर ईसीयूला जास्त इंधन सोडावेच लागते. तेवढ्यावरून सेन्सरला दोष देऊ नये. कन्व्हर्टरच्या मागचा सेन्सर मूळचाच आहे. गरम इंजिनवर तो ०.६ ते ०.७ व्होल्टवर स्थिर असतो, म्हणजे कन्व्हर्टरही आपले काम करतो आहे. त्या दोघांनाही हात लावलेला नाही.