ऑपरेशन्स मॅनेजर व्हायचे तर आधी एमबीए की आधी डाळमिल?

भुसावळच्या माझ्या भाचीला बी.कॉम.नंतर ऑपरेशन्स मॅनेजर, म्हणजे उत्पादन, साठा आणि माणसे यांचे रोजचे काम सांभाळणारी व्यवस्थापक, व्हायचे आहे. दोन वर्षांचे एमबीए आधी करावे, की जळगावच्या एमआयडीसीतील डाळमिलमध्ये पर्यवेक्षक म्हणून आधी लागावे, हा तिच्यापुढचा पेच आहे.

खर्चात नोकरीचा मार्ग उजवा ठरतो, कारण पगार बेताचा असला तरी तो पहिल्या महिन्यापासून हाती येतो. एमबीएला शुल्क भरावे लागतेच, शिवाय दोन वर्षांच्या कमाईवर पाणी सोडावे लागते. पुण्यात राहिल्यास खोलीभाडे आणि खाणावळ वेगळी.

शिकण्याचा मुद्दा मात्र इतका सरळ नाही. मी स्वतः डाळमिलमध्ये चौदा वर्षे काढली आहेत. साल सुटावी म्हणून तेलपाणी लावलेली तूर अंगणात वाळत असताना अवकाळी ढग आले, की ताडपत्री कोणी ओढायची, हमाल कुठे वळवायचे आणि भरायला उभा असलेला ट्रक किती वेळ थांबवायचा, हे मिनिटांत ठरवावे लागते, आणि ती समज वर्गात बसून येत नाही. उलट, दर हंगामात बारदान (माल भरायची पोती) ऐनवेळी का संपते, हे मागणीचा अंदाज आणि साठ्याची किमान पातळी काढायला शिकल्यावरच मला उमगले. तोवर आम्ही पुरवठादारालाच दोष देत होतो.

बढतीच्या वेळी मोठ्या कंपन्या बहुधा पदवी पाहतात, घरगुती मिलमध्ये मालकाचा विश्वास चालतो.

ज्यांना पुण्या-मुंबईच्या मोठ्या कंपनीत जायचे आहे आणि घरचा आधार आहे, त्यांनी आधी एमबीए करावे. ज्यांना खानदेशातच राहायचे आहे, किंवा हे काम आपल्याला मानवते का हेच अजून पाहायचे आहे, त्यांनी आधी नोकरी धरावी; भाचीला मी आधी नोकरीच धरायला सांगितले असून, दोन हंगाम काढल्यावर तिने एमबीएच्या प्रवेशासाठीची सीईटी द्यावी असे माझे मत आहे.